निर्लेखनाच्या शेऱ्यानंतर

सरकारी लॅपटॉप बंद पडला म्हणून बाद झाला, असं फार कमी वेळा घडतं. ठरलेली चार-पाच वर्षं भरतात, वॉरंटी सरते, नव्या खरेदीला मंजुरी येते आणि डेडस्टॉक रजिस्टरात जुन्या यंत्रापुढे निर्लेखनाचा, म्हणजे वापरातून काढून टाकल्याचा, शेरा पडतो. त्या दिवशी सकाळीही ते यंत्र सुरू झालेलं असतं, त्यावर दोन-चार पत्रं टाइप झालेली असतात. त्यामुळे जुन्या लॅपटॉपचा प्रश्न म्हणजे दुरुस्तीचा प्रश्न, ही समजूत मला पटत नाही. त्याचं पुढचं आयुष्य ठरतं ते कर्मचाऱ्याच्या टेबलावरून भांडारात जाताना. तेव्हा कुणी अर्धा तास नीट दिला, तर यंत्राला आणखी चार-पाच वर्षं मिळतात. नाही दिला, तर दोन वर्षांनी तेच यंत्र किलोच्या भावानं जातं.

ती चार-पाच वर्षं फार मोलाची आहेत. लॅपटॉप वीज फारशी खात नाही. त्याचा पर्यावरणावरचा बहुतांश भार तो तयार होतानाच पडून गेलेला असतो. उत्पादक कंपन्या आपापल्या मॉडेलांचे कार्बनचे हिशेब प्रसिद्ध करतात. त्यांत साधारण तीन चतुर्थांश, कधी त्याहूनही जास्त वाटा नुसत्या उत्पादनाचा निघतो, आणि त्यातही चिप, सर्किट बोर्ड व स्क्रीन यांचा मोठा. नवा लॅपटॉप वीज वाचवेल म्हणून चालता लॅपटॉप बदलला, तर तो घडवताना गेलेला कार्बन वाचलेल्या विजेतून भरून निघायला त्याचं सगळं आयुष्यही पुरत नाही. दुसरीकडे, संयुक्त राष्ट्रांच्या २०२४च्या अहवालानुसार २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निघाला, आणि त्यातल्या फक्त २२.३ टक्के कचऱ्याचं रीतसर संकलन व पुनर्चक्रण झाल्याची नोंद आहे. म्हणून क्रम ठरलेला असावा: आधी पूर्ण यंत्राचा पुनर्वापर, ते जमत नसेल तर सुट्या भागांचा, आणि अगदी शेवटी धातू काढणं.

सरकारी लॅपटॉपची एक जमेची बाजू घरोघरच्या जुन्या लॅपटॉपांना कधीच मिळत नाही. तो एकटा नसतो. एका निविदेतून एकाच मॉडेलचे दोनशे, पाचशे, हजार लॅपटॉप आलेले असतात. सगळ्यांचा चार्जर एक, कीबोर्ड एक, रॅमची जात एक, बिजागऱ्यांचा कमकुवतपणासुद्धा एकच. तीनशेच्या लॉटमधले सर्वांत खराब चाळीस खोलून ठेवले, तर उरलेल्या दोनशे साठांना कित्येक वर्षं सुटे भाग विकत घ्यावे लागत नाहीत. एका यंत्रावर सिस्टम नीट बसवून तिची इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत, काढली, की तीच सगळ्यांवर उतरवता येते. दुरुस्ती शिकणारा माणूस दहाव्या लॅपटॉपपर्यंत ते मॉडेल डोळे मिटून उघडायला लागतो. पण ही बाजू टिकते ती लॉट एकत्र राहिला तरच. वीस यंत्रं या शाखेत, तीस त्या गोदामात, उरलेली लिलावात पाच जणांकडे, अशी फाटाफूट झाली की प्रत्येकाच्या हाती सुटे भाग नसलेले, चार्जर नसलेले काही डबे उरतात. निर्लेखनाच्या प्रस्तावातच ‘मॉडेलनिहाय एकत्र, चार्जरसह’ असं लिहून घेणं ही पुनर्वापराची पहिली पायरी आहे.

आता त्या अर्ध्या तासात काय करायचं ते पाहू.

सगळ्यात आधी पासवर्ड. विंडोजचा नव्हे, तो नवी सिस्टम टाकली की जातो. अडकवतो तो बायोसचा, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या, बोर्डवरच्या सॉफ्टवेअरमधला (फर्मवेअरमधला) सुपरवायझर पासवर्ड. कार्यालयीन वापरासाठी बनलेल्या बऱ्याच मॉडेलांत हा पासवर्ड मदरबोर्डवरच्या स्वतंत्र चिपमध्ये साठवलेला असतो. वीज गेली तरी तो पुसला जात नाही, त्यामुळे आतला नाण्याएवढा सेल काढून ठेवण्याची जुनी युक्ती तिथे चालत नाही. पासवर्ड माहीत असलेला कर्मचारी बदलून गेला, संगणक पुरवणाऱ्या कंत्राटदाराची मुदत संपली, की ते यंत्र पेन ड्राइव्हवरून सुरूही करता येत नाही. मग चिपशी खेळण्याचे उद्योग किंवा मदरबोर्ड बदलणं. हे सगळं टाळायला लागतो एक मिनिट: बायोसमध्ये जायचं, जुना पासवर्ड टाकायचा, नव्याच्या जागा रिकाम्या ठेवायच्या, सेव्ह करायचं, आणि यंत्र पुन्हा सुरू करून पासवर्ड विचारत नाही ना ते बघायचं.

दुसरी कडी याहून फसवी आहे, कारण ती यंत्रात दिसतच नाही. मोठी कार्यालयं आपली यंत्रं दुरून सांभाळण्यासाठी त्यांची ओळख सर्व्हरवर नोंदवून ठेवतात. विंडोजच्या ऑटोपायलट पद्धतीत लॅपटॉपच्या हार्डवेअरची खूण संस्थेच्या खात्याशी जोडलेली असते. डिस्क बदलली, विंडोज कोरं टाकलं, तरी पहिल्यांदा इंटरनेटला जोडताच समोर त्याच संस्थेचं लॉगिन उभं राहतं. क्रोमबुक असेल तर पूर्ण पुसल्यावरही ते जुन्या संस्थेकडेच पुन्हा नोंदणी मागतं. ॲपलच्या यंत्रांचंही तसंच. काही मॉडेलांत चोरी झाल्यास माग काढणारी ॲब्सोल्यूट या कंपनीची सोय फर्मवेअरमध्ये चालू केलेली असते, आणि विंडोज नव्यानं टाकलं तरी ती स्वतःला पुन्हा बसवते. या नोंदी बाहेरचा कारागीर काढू शकत नाही आणि त्यानं काढूही नयेत. ते काम ज्या संस्थेच्या नावावर यंत्र आहे तिच्या ॲडमिनचं. अनुक्रमांकांची यादी करून सगळी यंत्रं एकदम सोडून देता येतात. शंभर यंत्रांनाही फार वेळ लागत नाही. मात्र हे कार्यालयाची ती प्रणाली चालू असेपर्यंतच शक्य असतं. विभागाचं विलीनीकरण झालं, खातं बंद झालं, की मागे उरते ती विनवण्यांची लांबलचक पत्रापत्री.

तिसरं म्हणजे लॅपटॉपबरोबरच्या वस्तू. चार्जर त्याच्याच पिशवीत, त्याच क्रमांकाची चिठ्ठी लावून. काही कंपन्यांच्या चार्जरमध्ये मधली बारीक पिन चार्जरची ओळख सांगते. दुसराच चार्जर लावला तर लॅपटॉप चालतो, पण बॅटरी चार्ज करत नाही आणि प्रोसेसरचा वेगही मुद्दाम खाली ठेवतो. मग ‘हे यंत्र फार हळू आहे’ म्हणून ते बाजूला पडतं, आणि दोष निघतो चार्जरचा. याच वेळी कडेच्या फटींतून एसडी कार्ड, स्मार्ट कार्ड आणि बॅटरीखालच्या खाचेतलं डेटा सिम काढून घ्यावं. डिस्क कसून पुसून सिम तसंच आत राहणं ही नेहमीची चूक आहे.

माहिती पुसण्याबद्दल दोन टोकाच्या समजुती आहेत आणि दोन्हींनी नुकसान होतं. एक म्हणजे फॉरमॅट केलं की झालं. फॉरमॅटनं बहुधा फक्त अनुक्रमणिका जाते, मजकूर तिथेच राहतो आणि साध्या सॉफ्टवेअरनं परत मिळतो. दुसरी म्हणजे ड्राइव्ह फोडल्याशिवाय सुरक्षितता नाही. बऱ्याच कार्यालयांचा नियमच असा असतो, की सगळे ड्राइव्ह काढून नष्ट करा. अतिगोपनीय कामाच्या यंत्रांना तो नियम योग्यच आहे. पण पत्रव्यवहार आणि हजेरीपटाच्या लॅपटॉपांनाही तो सरसकट लावला, की हजारो चांगले ड्राइव्ह वाया जातात.

या नियमाची एक झळ जवळून बघण्यासारखी आहे. अडीच इंची हार्ड डिस्क लॅपटॉपमध्ये नुसती ठेवलेली नसते. ती पातळ पत्र्याच्या चौकटीत, म्हणजे कॅडीत, चार बारीक स्क्रूंनी बसवलेली असते. दोन्ही कडांना रबरी पट्ट्या असतात आणि काही मॉडेलांत मदरबोर्डपर्यंत जाणारी चपटी रिबन केबल तिला जोडलेली असते. ड्राइव्ह गोळा करणारा माणूस घाईत असतो; तो डिस्क चौकटीसकट, केबलसकट उपसतो आणि नष्ट करायच्या पेटीत टाकतो. पुढे कुणी त्या लॅपटॉपमध्ये नवी एसएसडी घालायला जातं, तर ती बसवायला चौकट नाही, जोडायला केबल नाही. ती केबल त्या मॉडेलपुरतीच बनलेली असते, बाजारात सहज मिळत नाही. पत्र्याच्या एका तुकड्यासाठी आणि बोटभर केबलसाठी सबंध लॉट अडतो. ड्राइव्ह नष्ट करायचेच असतील तर आदेशात एक ओळ जास्त हवी: कॅडी, स्क्रू आणि केबल यंत्रातच परत बसवावी.

पुसण्याचे प्रकार समजून घेतले तर फोडायची वेळ कमी येते. अमेरिकेतल्या निस्ट या प्रमाण-संस्थेची ८००-८८ ही मार्गदर्शिका, जिची पहिली सुधारित आवृत्ती २०१४ची, तीन पातळ्या सांगते: वरवर साफ करणं, प्रयोगशाळेतही परत मिळणार नाही इतकं निर्मळ करणं, आणि नष्ट करणं. फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा शून्यं लिहिली तरी कार्यालयीन माहितीसाठी ते बहुधा पुरतं. सात-सात वेळा लिहिणं हा आजच्या डिस्कवर वेळेचा अपव्यय आहे. ५०० जीबीच्या डिस्कला दीड-दोन तास लागतात, पण माणसानं शेजारी बसायची गरज नसते.

एसएसडीचं गणित वेगळं. तिच्या आतला कंट्रोलर प्रत्येक लिखाण नव्या जागी फिरवत असतो, आणि थोडी जागा बाहेर न दाखवता राखीव ठेवतो. वरून सगळीकडे शून्यं लिहिली तरी जुन्या मजकुराचे तुकडे त्या राखीव भागात राहू शकतात. म्हणून एसएसडीला तिचीच आज्ञा द्यावी लागते: साटा या जुन्या जोडणीच्या ड्राइव्हला सिक्युअर इरेज, एनव्हीएमई या नव्या, वेगवान जोडणीच्या ड्राइव्हला फॉरमॅट किंवा सॅनिटाइझ. काम काही सेकंदांत ते काही मिनिटांत होतं. इथे एक अडचण हमखास येते. लिनक्स या मोफत सिस्टमवरून आज्ञा दिली की ड्राइव्ह ‘फ्रोझन’ असल्याचा निरोप येतो, कारण बायोसनं सुरू होतानाच त्याला कुलूप घातलेलं असतं. लॅपटॉप स्लीपमध्ये घालून पुन्हा जागा केला की बहुतेक वेळा ते कुलूप सुटतं. ड्राइव्ह पहिल्यापासून एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे मजकूर सांकेतिक रूपात साठवणारा, असेल तर काम आणखी सोपं: चावी नष्ट केली की उरलेला मजकूर निरर्थक. ज्या लॅपटॉपांत साठवण मदरबोर्डवरच डाखलेली असते, तिथे ड्राइव्ह काढून फोडणं म्हणजे बोर्डच फोडणं. अशा यंत्रांत पहिल्या दिवसापासून एन्क्रिप्शन चालू ठेवणं हाच त्यांच्या दुसऱ्या आयुष्याचा विमा.

फोडण्याचेही नियम आहेत. चुंबकानं पुसणारं यंत्र हार्ड डिस्कवर चालतं, एसएसडीवर त्याचा काहीच परिणाम होत नाही, कारण तिथे चुंबकीय काही नसतंच. ड्रिलनं एक भोक पाडलेल्या एसएसडीत चार चिपांपैकी तीन शाबूत राहू शकतात. पुसणं असो वा फोडणं, शेवटी नोंद हवी: लॅपटॉपचा अनुक्रमांक, ड्राइव्हचा अनुक्रमांक, पद्धत, तारीख, तपासणाऱ्याची सही. हा एक कागद नसला की पुढचा अधिकारी धास्तीनं सगळाच लॉट कुलूपबंद ठेवतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

आता त्या कुलूपबंद खोलीबद्दल. लॅपटॉप जितका वापरून झिजतो, त्याहून अधिक तो पडून राहून खराब होतो, आणि पहिली जाते ती बॅटरी. लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरून गरम खोलीत ठेवली की तिची क्षमता झपाट्यानं घटते. रिकामी ठेवली तर वापर नसतानाही हळूहळू उतरत जाते आणि सुरक्षित पातळीच्या खाली गेली की आतलं संरक्षक सर्किट तिला कायमची बंद करतं. भांडारात जाणारी यंत्रं ४० ते ६० टक्के चार्जवर बंद करावीत, एकावर एक चवड रचू नये, आणि दर तीन-चार महिन्यांनी एकदा चार्ज बघावा. ज्या भांडारात हे होणार नाही तिथे वर्षभराहून जास्त यंत्रं ठेवूच नयेत. निर्णयाची वाट बघण्यात गेलेलं प्रत्येक वर्ष बॅटरीच्या आयुष्यातून वजा होतं.

बॅटरी किती उरली हे डोळ्यांनी कळत नाही. विंडोजमध्ये पॉवरसीएफजी या आज्ञेनं बॅटरी रिपोर्ट काढला की दोन आकडे मिळतात: मूळ क्षमता आणि आज पूर्ण चार्जवर मिळणारी क्षमता. आजचा आकडा मूळच्या ६० टक्क्यांच्या वर असेल तर ती बॅटरी वर्गात एका तासिकेला आरामात पुरते. ३० टक्क्यांच्या खाली असेल तर काढून ठेवावी. कित्येक मॉडेलं बॅटरीशिवाय थेट चार्जरवर चालतात. फुगलेली बॅटरी मात्र ओळखता आलीच पाहिजे. टचपॅड वर उचलला जातो किंवा क्लिक होईनासा होतो, खालचं झाकण कडेला उघडं दिसतं, लॅपटॉप सपाट टेबलावर डुगडुगतो. अशी बॅटरी चार्ज करायची नाही, दाबून बसवायची नाही, टोचून हवा काढण्याचा विचारही करायचा नाही. गोंदानं चिकटलेली असेल तर प्लास्टिकच्या पातळ पट्टीनं सावकाश सोडवायची, धातूचा स्क्रू ड्रायव्हर खाली घालायचा नाही. टोकांना चिकटपट्टी लावून ती कोरड्या वाळूच्या धातूच्या डब्यात, एकेकटी ठेवायची आणि बॅटरीचं पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच द्यायची. भंगाराच्या ढिगात दाबली गेलेली एक बॅटरी अख्खा ट्रक पेटवू शकते.

जुन्या, जाड बॅटरीपॅकमध्ये १८६५० नावाचे दंडगोल सेल असतात, बहुधा सहा. त्यांतला एखादाच मेलेला असतो आणि त्यामुळे सगळा पॅक बाद होतो. उरलेले सेल काढून दिवे किंवा छोट्या बॅटरी-पेट्या करता येतात हे खरं. पण प्रत्येक सेलची क्षमता आणि आंतरिक रोध मोजणं, दोन व्होल्टच्या खाली गेलेला सेल निर्दयपणे बाजूला काढणं आणि नव्या पॅकला संरक्षक सर्किट बसवणं, यातलं एकही टाळायचं असेल तर हे काम करू नये. शाळेत हौसेनं करण्याचा हा प्रयोग नाही, असं माझं ठाम मत आहे.

दुरुस्तीच्या टेबलावर लॅपटॉप आला की आधी चाळणी. सुरू होतो का, स्क्रीनवर पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा रंग भरून डाग दिसतात का, प्रत्येक कळ उमटते का, सगळे यूएसबी चालतात का, वाय-फाय पकडतं का, बिजागरी झाकण धरून ठेवते का. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी ‘स्मार्ट’ नोंद ठेवते, तिच्यातले दोन आकडे महत्त्वाचे: बदललेली सेक्टरं (खराब झाल्यानं बदललेले साठवणीचे कप्पे) आणि प्रलंबित सेक्टरं. दुसऱ्या रकान्यात शून्याशिवाय काही दिसलं तर त्या डिस्कवर कुणाचं काम सोपवू नये. रॅमसाठी मेमटेस्ट या चाचणी-सॉफ्टवेअरची एक पूर्ण फेरी. सरावलेल्या माणसाला हे सगळं मिळून वीसेक मिनिटांचं काम आहे. डिस्क आणि रॅमच्या चाचण्या आपल्या आपण चालू राहतात.

एक छोटी गोष्ट मोठा गोंधळ घालते. तारीख जपणारा तो नाण्याएवढा सेल संपलेला असतो आणि लॅपटॉपची तारीख कित्येक वर्षं मागे जाते. मग ब्राउझरला वेबसाइटची सुरक्षा प्रमाणपत्रं अवैध वाटतात आणि एकही पान उघडत नाही. ‘नेट चालत नाही’ म्हणून परत आलेल्या यंत्रांत आधी घड्याळ बघावं. सेल बदलायला पाच मिनिटं लागतात. काही मॉडेलांत तो वायर आणि छोट्या जोडणीसह येतो, तेव्हा सुटा सेल आणून भागत नाही.

पैसे खर्च करायचेच असतील तर ते पहिल्यांदा एसएसडीवर करावेत. फिरत्या डिस्कचा लॅपटॉप सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो. तोच २४० जीबीच्या साध्या साटा एसएसडीवर अर्ध्या मिनिटाच्या आत सुरू होतो. प्रोसेसर जुना आहे म्हणून यंत्र हळू, असं सगळ्यांना वाटत असतं, आणि अडथळा असतो डिस्कचा. अडीच इंची एसएसडी सात मिलिमीटर जाड असते. खाच साडेनऊ मिलिमीटरची असेल तर सोबतची प्लास्टिकची चौकट लावावी, नाहीतर हलवाहलवीत जोडणी सुटते. बोर्डवर पट्टीसारख्या एसएसडीसाठीची एम-डॉट-टू खाच दिसली म्हणून कुठलीही एसएसडी आणू नये. ती साटाची आहे की एनव्हीएमईची, हे मॉडेलच्या माहितीपत्रकात बघावं.

त्यानंतर रॅम. ४ जीबीवर आजचा ब्राउझर गुदमरतो, ८ जीबीवर शाळेचं आणि कार्यालयाचं जवळपास सगळं काम होतं. चाळीस यंत्रं खोलायची ठरली असतील तर त्यांचीच रॅम उरलेल्यांत घालावी. डीडीआर-३ आणि डीडीआर-३-एल दिसायला सारख्याच, पण पहिली १.५ व्होल्टची आणि दुसरी १.३५ व्होल्टची, इंटेलच्या चौथ्या पिढीपासूनचे लॅपटॉप दुसरीच मागतात. डीडीआर-४ची खाच वेगळ्या जागी असते, ती जबरदस्तीनंच बसेल आणि काहीतरी मोडेल.

शेवटी पंखा. पाच वर्षांची धूळ पंख्यात नसते, ती पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मधल्या फटीत असते, नमद्यासारखी दाट. पंखा उघडल्याशिवाय ती निघत नाही. हवा मारताना पंखा बोटानं धरून ठेवावा; मोकळा सोडला तर तो भलत्याच वेगानं फिरून बेअरिंग खराब होतं. प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून वाटाण्यापेक्षा लहान थेंब नव्यानं लावावा. झाकण परत लावताना स्क्रूंची लांबी जपावी. लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर तो पामरेस्टमधून वर येतो किंवा बोर्डात घुसतो, आणि धडधाकट लॅपटॉप शेवटच्या मिनिटाला जातो.

सिस्टमचा प्रश्न सध्या सगळ्यात कळीचा आहे. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे २०१६-१७ मध्ये घेतलेले सहाव्या-सातव्या पिढीचे असंख्य सरकारी लॅपटॉप, ज्यांच्यात अजून भरपूर दम आहे, फक्त यादीत नाव नाही म्हणून बाद ठरतात. नियमाला बगल देऊन विंडोज ११ चढवता येतं, पण असं यंत्र शाळेला देऊ नये. पुढचं अपडेट अडलं तर तिथे सोडवणारं कुणी नसतं. सरळ मार्ग लिनक्सचा. लिनक्स मिंटच्या २२ व्या मालिकेला २०२९ पर्यंत पाठिंबा आहे आणि विंडोजवर हात बसलेल्या माणसाला ती परकी वाटत नाही. फक्त ३२-बिट प्रोसेसर असलेली यंत्रं मात्र आता सोडून द्यावीत. डेबियन या जुन्या लिनक्स प्रणालीनंही २०२५ च्या १३ व्या आवृत्तीपासून त्यांच्यासाठी इन्स्टॉलर देणं थांबवलं.

विंडोजच ठेवायचं असेल तर परवाना कुठला ते बघावं. लॅपटॉपबरोबर कारखान्यातून आलेला परवाना यंत्राबरोबर जातो. कार्यालयानं घाऊक घेतलेला परवाना जात नाही. कार्यालयाच्या सर्व्हरवरून केलेलं सक्रियण १८० दिवस टिकतं आणि मग स्क्रीनवर सूचना झळकू लागते. एका इमेजवरून लिनक्स उतरवताना प्रत्येक यंत्राचं नाव आणि मशीन-आयडी, म्हणजे सिस्टमनं यंत्राला दिलेला ओळख-क्रमांक, नव्यानं तयार करायला विसरू नये. तो सगळीकडे एकच राहिला तर काही मांडणींत नेटवर्क दोन लॅपटॉपांना एकच पत्ता देतं आणि वर्गातली यंत्रं आळीपाळीनं तुटत राहतात. मुलं ज्या भाषेत लिहिणार तिचा फॉन्ट आणि कीबोर्ड लेआउट इमेजमध्ये आधीच असावा. इंटरनेट तोकडं असेल तिथे किविक्स या नेटशिवाय वाचण्याच्या सॉफ्टवेअरवर उतरवलेला विकिपीडिया डिस्कमध्ये घालून द्यावा. मग नेट नसतानाही यंत्र उपयोगी राहतं.

हे सगळं नवं नाही. कॅनडात सरकारी संगणक दुरुस्त करून शाळांना देण्याचा कार्यक्रम १९९३ पासून आहे. अमेरिकेत १९९६ च्या अध्यक्षीय आदेशानं केंद्रीय कार्यालयांच्या वापराबाहेरच्या संगणकांवर शाळांचा अग्रहक्क ठरवून दिला. लिलावाआधी शाळेला विचारा, एवढी एक ओळ नियमात आली की बाकीची यंत्रणा तिच्याभोवती उभी राहते.

जो लॅपटॉप उभा राहत नाही, त्याचे भाग उभे राहतात. स्क्रीन काढून मागचा पॅनेल क्रमांक वाचला आणि त्याला जुळणारं कंट्रोलर बोर्ड घेतलं, की सुटा मॉनिटर तयार होतो. जुन्या पॅनेलना बहुधा ४० पिनांची एलव्हीडीएस जोडणी असते, नव्यांना ३० पिनांची ईडीपी. स्क्रीन फुटलेला पण बाकी धड असलेला लॅपटॉप मॉनिटर लावून ग्रंथालयाच्या शोधखिडकीवर किंवा छोटा सर्व्हर म्हणून चालतो. सतत वायरवर राहणार असेल तर चार्जची मर्यादा ६० ते ८० टक्क्यांवर ठेवावी, नाहीतर वर्षा-दोन वर्षांत बॅटरी फुगते.

आणि यातूनही जे उरतं, ते पुनर्चक्रणाला. संगणकी सर्किट बोर्डांच्या एका टनातून शंभर-दोनशे ग्रॅम सोनं निघू शकतं, तर खाणीतल्या एका टन दगडातून काही मोजके ग्रॅम. पण हे सोनं आम्लाच्या बादलीत काढलं की काढणाऱ्याची फुप्फुसं आणि आजूबाजूचं पाणी त्याची किंमत मोजतं. चीनमधलं ग्वेयू आणि घानातलं अग्बोग्ब्लोशी ही नावं त्यामुळेच जगाला ठाऊक झाली: तांब्यासाठी उघड्यावर जाळलेल्या केबलींतून डायॉक्सिन हे विषारी रसायन, आम्लातून आणि राखेतून मातीत शिसं. रीतसर मार्गात बोर्ड हातानं वेगळे करून तांबं वितळवणाऱ्या मोठ्या भट्ट्यांकडे जातात. बेल्जियममधलं होबोकेन किंवा स्वीडनमधलं रोनस्कार अशी ठिकाणं त्यासाठी ओळखली जातात. तिथेही सगळं परत मिळत नाही. कपॅसिटरमधलं टँटलम मळीत जातं. हार्ड डिस्कच्या चुंबकातलं निओडिमियम बहुधा लोखंडाबरोबर हरवतं. पुनर्चक्रण मी शेवटी ठेवतो ते यासाठी.

पुनर्चक्रण करणाऱ्याला देतानाही हातानं उघडून द्यावं, अख्खा लॅपटॉप क्रशरमध्ये जाऊ नये. बॅटरी तर आधीच बाहेर हवी. २०१० च्या आसपासपर्यंतच्या स्क्रीनमध्ये उजेडासाठी पाऱ्याच्या बारीक नळ्या असतात. त्या फोडू नयेत, वेगळ्या बांधाव्यात. मॅग्नेशियमचं कवच ॲल्युमिनियममध्ये मिसळू नये, त्याचा कीस पेट घेतो. देताना फक्त वजनाची पावती न घेता पुढे कोणता भाग कुठे गेला याचा कागद मागावा. धोकादायक कचऱ्याच्या सीमेपार वाहतुकीबद्दलच्या आंतरराष्ट्रीय बासेल करारात झालेल्या बदलानुसार १ जानेवारी २०२५ पासून धोकादायक असो वा नसो, सगळा ई-कचरा सीमेपार नेण्यासाठी घेणाऱ्या देशाची पूर्वसंमती लागते. ‘देणगी’ म्हणून परदेशी जाणाऱ्या न चालणाऱ्या लॅपटॉपांनाही तोच नियम. चालू असल्याचा चाचणी-अहवाल आणि नीट बांधणी नसेल तर ती देणगी कचराच धरली जाते, आणि तसंच धरलं पाहिजे.

शाळेला लॅपटॉप देतानाच्या पत्रात एक कलम बहुतेक वेळा राहून जातं. दुसरं आयुष्य संपल्यावर यंत्र परत कोण घेणार? शाळेकडे ना निर्लेखनाची यंत्रणा असते, ना पुनर्चक्रण करणाऱ्याशी करार. चार वर्षांनी तीच तीस यंत्रं तिथल्या कपाटात फुगत्या बॅटऱ्यांसह बसतात. म्हणून देणाऱ्या कार्यालयानंच लिहून द्यावं, की बंद पडलेलं यंत्र किंवा बॅटरी आम्ही परत घेऊ, अमुक पदावरच्या माणसाला कळवा. यंत्रांची अनुक्रमांकवार यादी, पुसल्याचा दाखला, बॅटरीची मोजलेली क्षमता आणि सुट्या भागांची एक पेटी त्या पत्रासोबत जावी: चार चार्जर, दोन कीबोर्ड, काही रॅम आणि स्क्रूंची एक डबी, लांबीनुसार कप्पे केलेली.